फुप्फुसातील स्निग्ध पापुद्रा आणि दुपारचा ओझोन

डहाणू तालुक्याला १९९१ साली केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केले. चिकूच्या वाड्या आणि समुद्रावरचा वारा यांमुळे येथील हवा निर्मळ असणारच, असा आपला समज असतो. दम्याचे ज्येष्ठ रुग्णही विचारतात, “डॉक्टर, धूर कुठेच दिसत नाही, मग दुपारी छाती का आवळते?” याचे एक संभाव्य कारण डोळ्यांना न दिसणारा वायू हे आहे. तो म्हणजे ओझोन.

प्रौढ माणसाच्या फुप्फुसांत सुमारे ४८ कोटी वायुकोश असतात. त्यांची आतली बाजू ओलसर असते. पाण्याचा पृष्ठताण या इवल्या फुग्यांना आत ओढत असतो. त्यावर शरीराने योजलेला उपाय म्हणजे सर्फॅक्टंट, अर्थात पाण्यावर पसरलेला अतिशय पातळ स्निग्ध पापुद्रा. त्यात सुमारे ९० टक्के स्निग्ध पदार्थ आणि उरलेली प्रथिने असतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना श्वास का घेता येत नाही, याचे उत्तर १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी व जेर मीड यांनी दिले. त्या बाळांच्या फुप्फुसांत हा पापुद्रा पुरेसा तयार झालेला नसतो.

ओझोनच्या रेणूत ऑक्सिजनचे तीन अणू असतात आणि तो अत्यंत क्रियाशील असतो. स्निग्ध रेणूंमध्ये जिथे कार्बनचे दुहेरी बंध असतात, तिथे तो घाव घालतो व साखळी तोडतो. जुन्या रबराला ताणाच्या जागी भेगा पडतात, त्यामागेही बहुधा हीच क्रिया असते. पापुद्र्यातील मुख्य स्निग्ध रेणूत दुहेरी बंध नसल्याने तो टिकतो. मात्र पापुद्र्याला प्रवाही ठेवणारे काही सोबती रेणू तुटतात. तुटलेल्या तुकड्यांपासून अल्डिहाइड व हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होऊन खालच्या पेशींचा दाह होतो. खोकला येतो, खोल श्वास घेताना छातीत दुखते आणि दम्याचा जोर वाढतो.

शरीर मात्र असहाय नसते. श्वासमार्गातील द्रवातले क जीवनसत्त्व व युरिक आम्ल बराचसा ओझोन वाटेतच संपवतात आणि वायुकोशांतील विशिष्ट पेशी पापुद्रा पुन्हा तयार करतात. वय, दमा किंवा अनेक वर्षांचा चुलीचा धूर यांनी थकलेल्या फुप्फुसांत ही राखीव शक्ती कमी असते. म्हणून काळजी त्यांचीच अधिक घ्यायची.

ओझोन कोणत्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. वाहने, वीजकेंद्रे व कारखाने यांतून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड आणि इंधन-द्रावकांच्या वाफा उन्हात एकत्र आल्या की तो तयार होतो. तलासरीतून जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग, उत्तरेला वापी व दक्षिणेला तारापूर ही औद्योगिक केंद्रे लक्षात घेता, कच्चा माल आपल्याही भोवती आहे. वाऱ्याबरोबर तो दूरवर जातो. त्यामुळे शहराबाहेरच्या हिरव्या भागातही ओझोन वाढू शकतो. आपल्या राष्ट्रीय मानकानुसार आठ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे.

ऊन कडक असलेल्या निरभ्र दिवशी दुपारी बारा ते पाच या वेळेत त्याचे प्रमाण सहसा सर्वाधिक असते. वाडीतील कामे व फेरफटका सकाळी उरकावा. कापडी रुमाल किंवा मास्क धूळ अडवतो, वायू नव्हे. दुपारी खिडक्या लावल्यास घरात ओझोन कमी येतो; परंतु पत्र्याच्या तापलेल्या घरात वृद्धांना कोंडून ठेवू नये, उष्माघाताचा धोका त्याहून मोठा असतो. तिथे झाडाची सावली, पाणी व विश्रांती हेच श्रेयस्कर. ओझोन सोडून हवा शुद्ध करणारी यंत्रे घरात आणू नयेत. पालापाचोळा व कचरा जाळू नये.

“आज बरे वाटते” म्हणून रोजचा इन्हेलर बंद करू नये. बोलताना धाप लागणे, ओठ निळसर होणे किंवा इन्हेलरनेही आराम न पडणे ही धोक्याची चिन्हे आहेत. अशा वेळी संध्याकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.