तलवार म्यान केल्यानंतर

गेल्या गणेशोत्सवात आमच्या मंडळाच्या व्याख्यानमालेसाठी महूला स्थायिक झालेले एक निवृत्त कर्नलसाहेब आले होते. व्याख्यान आटोपल्यावर चहापान चालले असता एका तरुणाने त्यांना विचारले, “साहेब, आपण निवडणुकीला का उभे राहत नाही? आपल्यासारखी शिस्तीची माणसे राजकारणात हवीत.” कर्नलसाहेब हसून म्हणाले, “लढाईत मी हुकूम देत असे. निवडणुकीत हात जोडावे लागतात. हात जोडण्यात कमीपणा मुळीच नाही. पण ती विद्या मी शिकलो नाही.”

उत्तर ऐकून मंडळी हसली आणि विषय तेथेच संपला. आमच्या मनातून मात्र तो गेला नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील आपली मराठी घरे या प्रांती आली कशी? मराठा सरदारांनी नर्मदा ओलांडली, मुलूख जिंकला आणि जिंकलेल्या मुलखावर राज्य केले, म्हणून. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे, पिलाजी गायकवाड हे आधी सेनानी होते, मग सत्ताधीश झाले. महादजी शिंद्यांनी तर १७८४ मध्ये दिल्लीच्या बादशहाचा कारभारच हाती घेतला. त्या काळी सेनापतीने राजकारणात पडावे की नाही, असा प्रश्न कोणी विचारलाच नसता. तलवार आणि शिक्का एकाच हाती असत.

हा प्रश्न जन्मला तो लोकशाहीत. तेथे सेनापती विजय मिळवतो, पण राज्य त्याचे होत नाही. तलवार म्यान करून त्याने घरी जावयाचे असते. कोणी घरी जातो, तर कोणी मतदारांच्या दारी जातो. असे का व्हावे? याचे उत्तर शोधताना आम्हांला दोन मित्रांची गोष्ट फार उपयोगी वाटली. हे मित्र म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धातील सेनापती युलिसिस ग्रँट आणि विल्यम शर्मन.

दोघेही ओहायो प्रांतातले, दोघेही वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयाचे विद्यार्थी. दोघांनीही मध्यंतरी सैन्य सोडले आणि संसारात ठेचा खाल्ल्या. ग्रँटची शेती फसली. सेंट लुईसच्या रस्त्यावर जळाऊ लाकूड विकण्याची पाळी त्याच्यावर आली आणि अखेर वडिलांच्या चामड्याच्या दुकानात तो कामाला लागला. शर्मन ज्या पेढीचा व्यवस्थापक होता ती सॅन फ्रान्सिस्कोतील पेढी बंद झाली. १८६१ मध्ये युद्ध पेटले नसते, तर या दोघांची नावे इतिहासात आली असती की नाही, याची शंकाच आहे.

युद्धाने दोघांना वर काढले. ग्रँटने १८६३ च्या जुलैमध्ये व्हिक्सबर्ग घेतले आणि ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली त्याला शरण आला. शर्मनने १८६४ च्या सप्टेंबरात अटलांटा जिंकले. त्या विजयाने लिंकनच्या फेरनिवडणुकीला मोठाच हात दिला. तेथून समुद्रापर्यंत त्याने जी मोहीम केली, ती आजही युद्धशास्त्रात अभ्यासली जाते. तेव्हा लोकप्रियता दोघांच्याही पदरी होती. तरीही ग्रँट १८६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला आणि आठ वर्षे त्या पदावर राहिला. शर्मनने मात्र १८८४ मध्ये रिपब्लिकन पक्ष त्याचे नाव पुढे करू पाहत असता निक्षून कळवले की, उमेदवारी दिली तर ती आपण स्वीकारणार नाही आणि निवडून दिले तर पदावर बसणार नाही.

यशाने हा फरक उलगडत नाही, कारण यश दोघांचेही होते. मग कशाने उलगडतो?

पहिली गोष्ट अशी की, शर्मनने राजकारण घरातच पाहिले होते. लहानपणी वडील वारल्यावर त्याला वाढवणारे टॉमस यूइंग सिनेटर होते, मंत्री होते. पुढे त्यांच्याच कन्येशी त्याचा विवाह झाला. सख्खा भाऊ जॉन हाही सिनेटर. मुदपाकखान्यात वावरलेल्या माणसाला पंक्तीतल्या पक्वान्नांचे अप्रूप राहत नाही, तसे त्याचे झाले. ग्रँटला ती आतली बाजू ठाऊक नव्हती. जो जाणत होता तो दूर राहिला आणि जो जाणत नव्हता तो आत गेला.

दुसरी गोष्ट स्वभावाची. शर्मन बोलका, तापट, मनात येईल ते बोलून मोकळा होणारा. युद्धाच्या पहिल्याच वर्षी वृत्तपत्रांनी त्याला वेडा ठरवले होते. ती जखम त्याच्या मनातून कधी गेली नाही. ग्रँट अबोल होता. अबोल माणसाचा राजकारणात एक फायदा असतो, तो असा की प्रत्येक जण त्याच्या मौनात आपापली आशा भरू शकतो. पक्षांना असा उमेदवार फार आवडतो.

तिसरी गोष्ट कुटुंबाची. शर्मनची पत्नी निष्ठावंत कॅथलिक होती, आणि मुलगा टॉमस याने तर जेझुइट धर्मगुरू होण्याचा मार्ग पत्करला. त्या काळच्या अमेरिकेत निवडणुकीच्या धामधुमीत हा विषय चव्हाट्यावर आल्यावाचून राहिला नसता. घरातले दुःख आणि घरातली श्रद्धा बाजारात मांडणे त्याला मानवणारे नव्हते.

पण आमच्या मते खरा फरक चौथ्या गोष्टीत आहे. युद्ध संपले की काम संपले, असे शर्मनला वाटत होते. ग्रँटला तसे वाटत नव्हते. १८६८ मध्ये उमेदवारी स्वीकारल्यावर त्याने शर्मनलाच पत्र लिहून आपली बाजू मांडली. आपण माघार घेतली तर सत्तेचा खेळ केवळ देवघेव करणाऱ्या राजकारण्यांच्या हाती जाईल आणि एवढे रक्त सांडून जे मिळवले ते निसटेल, अशी धास्ती त्याने त्या पत्रात व्यक्त केली होती. जे मिळवले त्यात गुलामांची मुक्ती होती. अध्यक्ष झाल्यावर त्याने नवमुक्त कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराचा पुरस्कार केला आणि त्यांना दहशत घालणाऱ्या कू क्लक्स क्लान या टोळीवर १८७१ च्या कायद्यान्वये कडक कारवाई केली. शर्मनला त्या मताधिकाराविषयी आस्था नव्हती. म्हणजे त्याच्या अलिप्ततेत जेवढा विवेक होता, तेवढीच उदासीनताही होती. सत्ता नाकारणाऱ्याला आपण चटकन संत ठरवतो. पण नकारामागे काय आहे, हेही पाहावयास हवे.

ग्रँटलाही किंमत द्यावी लागली. रणांगणावर ज्या गुणाने त्याला तारले, म्हणजे सहकाऱ्यांवरील अढळ विश्वास, त्याच गुणाने राजधानीत त्याचा घात केला. शत्रू समोरून येतो, ही सवय झालेल्या त्या माणसाला आपल्याच मेजावर जेवणारे हात ओळखता आले नाहीत. दारूवरील कर बुडवणारी टोळी १८७५ मध्ये उघडकीस आली, तेव्हा तिचे धागे थेट त्याच्या चिटणिसापर्यंत पोहोचले. त्याच्या युद्धमंत्र्याला १८७६ मध्ये लाचखोरीच्या आरोपावरून राजीनामा द्यावा लागला. अध्यक्ष होताना त्याने सेनापतिपद सोडले होते, त्यामुळे लष्करी वेतनही गेले. माजी अध्यक्षांना निवृत्तिवेतन देणारा कायदा तर १९५८ पर्यंत झालाच नव्हता. १८८४ मध्ये त्याची भागीदारीची पेढी बुडाली आणि तो निर्धन झाला. घशाच्या कर्करोगाने जर्जर झालेल्या ग्रँटने कुटुंबासाठी मागे काही राहावे म्हणून आत्मचरित्र लिहावयास घेतले, ते पुरे केले आणि थोड्याच दिवसांत, २३ जुलै १८८५ रोजी, देह ठेवला. त्या ग्रंथाच्या उत्पन्नाने त्याच्या पत्नीची ददात मिटली. शर्मन १८८३ पर्यंत सरसेनापती होता. पुढे पुऱ्या वेतनावर निवृत्त होऊन नाटके पाहत आणि मित्रांत रमत तो १८९१ पर्यंत जगला.

या दोघांखेरीज तिसरीही एक वाट आहे. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकेचे लष्करप्रमुख जॉर्ज मार्शल निवडणुकीपासून इतके अलिप्त की ते मतदानही करीत नसत. पण बोलावणे आले तेव्हा त्यांनी परराष्ट्रमंत्रिपद सांभाळले आणि युरोपच्या पुनर्बांधणीबद्दल १९५३ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळवले. त्यांचे कनिष्ठ सहकारी आयसेनहॉवर मात्र १९५२ आणि १९५६ अशा दोन निवडणुका जिंकून अध्यक्ष झाले.

आपल्या देशातही हे सर्व प्रकार झाले. जनरल करिअप्पा यांनी १९७१ मध्ये मुंबईतून लोकसभेची निवडणूक लढवली आणि ते हरले. मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी केंद्रात मंत्री आणि उत्तराखंडचे दोनदा मुख्यमंत्री झाले. बांगलादेशच्या युद्धानंतर घरोघरी ज्यांचे नाव पोहोचले ते माणेकशा निवडणुकीकडे न वळता कुन्नूरच्या डोंगरात राहिले. यांपैकी एकानेही बंदुकीच्या जोरावर सत्ता घेतली नाही, ही साधी बाब नव्हे. शेजारच्या पाकिस्तानात १९५८ मध्ये अयूबखानांनी काय केले, हे जगाने पाहिले आहे. आपल्याकडे गणवेश उतरवल्यावाचून सैनिकाला राजकीय पक्षात जाता येत नाही, आणि गणवेश उतरवल्यावर तो एका मताचा धनी, तुमच्या-आमच्यासारखाच.

म्हणून सेनापती राजकारणात आला की ‘लोभी’ आणि नाही आला की ‘त्यागी’, असा निवाडा घाईने करू नये, असे आम्हांस वाटते. दोघांनाही एकच विचारावे: जे काम तुम्ही रणांगणावर सुरू केले, ते संपले आहे काय? आणि नसेल, तर ते पुरे करण्याची विद्या तुमच्यापाशी आहे काय?

हे सारे आम्ही पुढे एकदा कर्नलसाहेबांना बोलून दाखवले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मी उभा राहिलो नाही, याला माझा मोठेपणा समजू नका. आमच्या गल्लीत आठवड्यातून दोनदा पाणी येते. ते रोज यावे यासाठी कोणाला तरी उभे राहावेच लागेल. त्या मुलाने मला विचारले. त्याला कोणी विचारले का?”