कणाचं नाव ठरेपर्यंत

सकाळी ७.००
प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की आधी पंखे बंद. एप्रिलच्या सोलापुरात हे सोपं नाही, दुपारी पारा चाळीशीच्या वर जातो. पण हे गाव चादरींचं आणि टॉवेलांचं. कपड्यांवरून, केसांतून, खिडकीच्या फटीतून इथे तंतू आत येतात. आम्ही शोधतो माणसाच्या फुफ्फुसात रुतलेले प्लास्टिकचे सूक्ष्म कण आणि तंतू. बाहेरचा एखादा नमुन्यात पडला, तर तो रुग्णाच्या नावावर चढेल. म्हणून ॲप्रन सुती आणि भडक गुलाबी: आमचा धागा पडलाच, तर लगेच ओळखू यावा.

८.३०
शस्त्रक्रियेत काढलेला फुफ्फुसाचा तुकडा रुग्णाच्या लेखी संमतीनं आमच्याकडे येतो. त्यावर नाव नसतं, फक्त क्रमांक. दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये, ४० अंश तापमानाला, दोन दिवस ठेवल्यावर मांस विरघळलं आहे. बहुतेक प्लास्टिक यात टिकतं. तापमान फार वाढवलं तर पॉलिएस्टर झिजू लागतं, म्हणून घाई करायची नाही. शेजारच्या बाटलीत तेच द्रावण आहे, पण मांसाविना. हा कोरा नमुना. दोन्ही बाटल्या सारख्याच हाताळायच्या, सारख्याच गाळायच्या.

११.००
रामन यंत्र सुरू. आधी सिलिकॉनच्या चकतीवर त्याची रेषा ५२०.७ वर येते का ते तपासायचं. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात जो परिणाम नोंदवला, त्यावरच हे यंत्र चालतं. लेसरचा प्रकाश पदार्थावर पडून विखुरतो. त्यातला अगदी थोडा आपली ऊर्जा बदलून परततो, आणि तो बदल रेणूंच्या कंपनांप्रमाणे ठरतो. पॉलिस्टायरिनची ठळक रेषा १००० च्या आसपास, पॉलिएस्टरच्या १६१५ आणि १७२५ जवळ. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. इथे एका मायक्रॉनच्या कणाचीही ओळख पटू शकते.

दुपारी १२.३०
"मॅडम, पॉलिथिन!" विद्यार्थिनीचा आवाज चढतो. पडद्यावर १०६२, ११२९, १२९५ या रेषा आहेत. संगणकाची जुळणीही चांगली आहे.
"चरबी आठव," मी म्हणते.
चरबीतल्या आम्लांची कार्बनची लांब साखळी पॉलिथिनसारखीच कंपते. त्यातून आमच्या द्रावणात चरबीचा साबण होतो. काही हातमोज्यांवरचे स्टिअरेटचे कणही असेच फसवतात. फिल्टर कोमट अल्कोहोलनं धुऊन पुन्हा पाहिला. कण विरघळून गेला होता. नोंद: साबण.

२.००
कडक भाकरी, शेंगाचटणी. जेवण प्रयोगशाळेच्या बाहेर. आत येताना पुन्हा हात, पुन्हा ॲप्रन.

३.००
एक निळा तंतू. आलेखावर रंगद्रव्याच्याच रेषा उठतात, खालचा पदार्थ झाकला जातो. लेसर बदलून ७८५ नॅनोमीटरचा लावला, ताकद कमी ठेवली. जास्त झाली तर तंतू जळतो. आता १६१५ ची रेषा वर आली. पॉलिएस्टर. पण रंग कुठला? परदेशी संग्रहात इथलं सूत नाही, इथले रंगही नाहीत. म्हणून गावातल्या सुताचे, शिवणाच्या दोऱ्याचे, रंगांचे आलेख आम्ही स्वतः घेऊन ठेवतो.

४.३०
कोऱ्या नमुन्याची पाळी. त्यातही तसाच निळा पॉलिएस्टर तंतू आहे. मग रुग्णाच्या नोंदीतला तंतू खोडायचा. विद्यार्थिनी हिरमुसते. तिला मी २०२२ चा इंग्लंडचा अभ्यास दाखवते. फुफ्फुसाच्या १३ नमुन्यांपैकी ११ मध्ये त्यांना सूक्ष्म प्लास्टिक मिळालं, त्यात पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिएस्टर जास्त. तिथे अवरक्त किरणांची पद्धत वापरली होती, पण कोरे नमुने त्यांनीही घेतले होते. म्हणून त्या आकड्याला वजन आहे.

संध्याकाळी ६.००
पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये हवेतली धूळ गोळा करायला. मागांच्या खडखडाटात एक कामगार कानाशी येऊन विचारतात, "ताई, आमच्या छातीत काय गावलं का?"
"अजून नक्की सांगता येत नाही, मामा. पण तोंडाला मास्क लावा, आणि खोकला राहिला तर छाती दाखवून घ्या."

रात्री ८.००
दिवसाची वही. एक साबण, एक खोडलेला तंतू, काही कण उद्यासाठी. फुफ्फुसात प्लास्टिक सापडणं आणि त्यानं आजार होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी सिद्ध करायला पहिली निर्विवाद हवी, म्हणून ही खाडाखोड.

पण मामांनी आमच्या निकालासाठी थांबू नये. कापसाच्या धुळीनं फुफ्फुसाचा बिसिनोसिस हा आजार होतो, सुट्टीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती आवळते, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मालकांनी शेडमध्ये धूळ खेचणारी यंत्रणा बसवावी आणि कामगारांची दरवर्षी फुफ्फुसतपासणी करावी. त्यासाठी कणाचं नाव कळायची गरज नाही.