नव्या एंजिनाचे पहिले दहा तास

पावसाळा ओसरला आणि समुद्र निवळला, की मालवण, तारकर्ली, देवबाग या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील किनाऱ्यांवर पुन्हा वर्दळ सुरू होते. वाळूवर ओढून ठेवलेल्या नौका पाण्यात लोटल्या जातात. पूर्वी या किनाऱ्यावर होडी म्हटली, की ती मासेमारीचीच असावयाची. आता मच्छीमारांच्याच घरांतील कित्येक तरुण पर्यटकांना जलक्रीडा घडवितात. कोणी नौकेमागे दोराने बांधलेल्या, हवा भरलेल्या लांबट तराफ्यावर बसून लाटांवर उड्या घेतो; कोणी पाठीशी हवाई छत्री बांधून नौकेच्या ओढीने आकाशात चढतो. या साऱ्या खेळांचे बळ नौकेच्या पाठीस अडकविलेल्या एंजिनात असते.

असे नवे एंजिन घेणे ही लहान गोष्ट नव्हे. त्यासाठी पुष्कळदा कर्ज काढावे लागते, आणि दिवाळीच्या सुट्टीतील कमाईवर त्या कर्जाचे हप्ते अवलंबून असतात. म्हणून एंजिन बसविले त्याच दिवशी गिऱ्हाईक घेऊन निघावे, असा मोह तांडेलास होणे स्वाभाविक आहे. परंतु जाणता तांडेल पहिले १० तास नौकेमागे दोर बांधीतच नाही. किनाऱ्यावर पाहुणे खोळंबलेले असतात आणि तो मात्र रिकामी नौका कधी जलद, कधी सावकाश अशी फिरवीत राहतो. पाहणाऱ्यास ही पेट्रोलची उधळपट्टी वाटते. पण तो त्या वेळी एंजिन रुळवीत असतो.

एंजिन रुळविणे म्हणजे काय, हे समजण्यास जात्याचे उदाहरण उपयोगी पडेल. नुकतीच टाकी लावलेल्या जात्यावर कोणतीही गृहिणी घरच्या माणसांचे पीठ लगेच दळीत नसे. आधी मूठभर भरड धान्य किंवा कोंडा दळून ती तो टाकून देई. टाकीच्या घावांनी दगडाला खडबडीतपणा आलेला असे. त्यावरील सुटे कण निघून जाऊन दोन्ही तळ्या एकमेकींशी जुळाव्यात, हा त्यातील हेतू.

एंजिनातही असाच प्रकार असतो. सिलिंडर नावाच्या नळीत पिस्टन म्हणजे दट्ट्या सतत वरखाली होत असतो. दट्ट्याभोवती धातूच्या बारीक कड्या बसविलेल्या असतात. दट्ट्याच्या डोक्यावर पेट्रोलचा जो भडका उडतो, त्याचा वायू खाली निसटू न देणे आणि खालचे तेल वर चढू न देणे, हे त्या कड्यांचे काम. सिलिंडरचा आतला पृष्ठभाग डोळ्यांना चकचकीत दिसतो. परंतु कारखान्यात त्यावर मुद्दाम जाळीसारख्या तिरप्या, अतिसूक्ष्म रेघा पाडलेल्या असतात. रेघांच्या खाचांत वंगणाचे तेल धरून राहते, आणि रेघांमधील उंचवटे कड्यांवर घासून सपाट होतात. अशा रीतीने कडी आणि सिलिंडर एकमेकांस घासून जुळली, म्हणजे त्यांच्यामधून वायू निसटण्यास वाट उरत नाही.

हे घासणे बेताचे झाले पाहिजे. नव्या एंजिनावर एकाएकी मोठा भार टाकला, तर उंचवट्यांच्या टोकांशी भयंकर उष्णता उत्पन्न होते. तेथील तेलाचा पापुद्रा फाटतो, धातूला धातू चिकटू लागतो आणि सिलिंडरवर उभे ओरखडे पडतात. फारच अतिरेक झाला, तर दट्ट्या जागच्या जागी अडकून बसतो. यालाच कारागीर 'एंजिन सीझ झाले' असे म्हणतात.

तेव्हा नवे एंजिन अगदी हळू चालवावे, असे कोणासही वाटेल. ही समजूत पुष्कळ जुनी आहे, पण खरी नाही. कडी सिलिंडरवर दाबली जाते ती केवळ स्वतःच्या ताणाने नव्हे. जळत्या वायूचा दाब कडीच्या मागे शिरून तिला बाहेर रेटतो, आणि तो दाब भार असल्याखेरीज निर्माण होत नाही. तासन् तास मंद गतीने चालविलेल्या एंजिनात कड्या नीट दाबल्या जात नाहीत. उंचवटे तसेच राहतात, खाचांमधील तेल तापून त्याचे रोगणासारखे गुळगुळीत पुट चढते, आणि मग कड्या पुढे कधीच नीट जुळत नाहीत. असे एंजिन जन्मभर तेल खाते व धूर ओकते. फार लाड केलेले एंजिन फार राबविलेल्या एंजिनाइतकेच बिघडते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

म्हणून एंजिनासोबत येणाऱ्या पुस्तिकेत या तासांचा क्रम आखून दिलेला असतो. निरनिराळ्या कारखानदारांचे आकडे थोडे निराळे असतात. ज्याचे एंजिन, त्याचीच पुस्तिका प्रमाण मानावी. सामान्यतः पहिला तास अर्ध्या थ्रॉटलच्या आत राहून, पण एकाच गतीवर न थांबता काढावयाचा असतो. दुसऱ्या तासात तीनचतुर्थांश थ्रॉटलपर्यंत जाता येते. काही पुस्तिका दर १० मिनिटांत एखादे मिनिट पूर्ण थ्रॉटल देऊन लगेच मागे घेण्यास सांगतात. पुढील ८ तासांत कोणत्याही गतीस मुभा असते, मात्र पूर्ण थ्रॉटलवर सलग ५ मिनिटांहून अधिक काळ राहावयाचे नाही. जुन्या धर्तीच्या टू-स्ट्रोक एंजिनांत पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते. एरवी ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल पुरत असेल, तर रुळविण्याच्या काळात पुष्कळदा २५ भागांना १ भाग घालतात.

एके काळी ब्रिटनमध्ये नव्या मोटारीच्या मागील काचेवर 'रनिंग इन' अशी पाटी लावीत, म्हणजे मागून येणारे तिला निमूटपणे ओलांडून जात. आता यंत्रे अधिक काटेकोर घडविली जातात आणि मोटारींवरील त्या पाट्या गेल्या. मग नौकेलाच एवढा सोपस्कार कशाला? याचे उत्तर पाण्यात आहे. मोटारीस उतार लागतो, तिला गिअर बदलून भार हलका करता येतो. नौकेस उतार नाही आणि साधारणतः पुढे जाण्याचा गिअरही एकच. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन असते. ते सारखे मागे रेटीत राहावे, तेव्हाच नौका पुढे सरकते. नौकेच्या एंजिनास विसावा असा कधी मिळतच नाही.

त्यातच मागे माणूस ओढावयाचा असला, म्हणजे भार किती वाढतो हे जलक्रीडेच्या इतिहासातूनच दिसून येते. सन १९२२ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, पेपिन सरोवरावर, राल्फ सॅम्युएल्सन नावाच्या १८ वर्षांच्या मुलाने पायांत फळ्या अडकवून पाण्यावर उभे राहण्याचा खटाटोप आरंभिला. त्याचा भाऊ नौका हाकीत होता. पुढे गेल्यावर तोल सावरणे तितके कठीण नव्हते; खरी अडचण होती ती पाण्यातून वर उठण्याची. राल्फ पुनःपुन्हा पाण्यात बुडे. अखेर मागे रेलून फळ्यांची टोके पाण्याबाहेर धरावी, ही युक्ती त्यास सापडली आणि २ जुलै रोजी तो पाण्यावर उभा राहिला.

उठण्याच्या त्या काही क्षणांत नौकेस स्वतःचे वजन पाण्याच्या पृष्ठावर चढवावयाचे असते आणि मागील माणसासही पाण्यातून उपटून काढावयाचे असते. तांडेल पूर्ण थ्रॉटल देतो, पण भारामुळे पंख्याचे फेरे मात्र वाढत नाहीत. नव्या कड्यांना याहून वाईट अवस्था नाही. एकदा माणूस उभा राहिला, की दुसरी अडचण येते. त्याचा तोल टिकावा म्हणून नौकेची गती एकसारखी ठेवावी लागते. छत्रीने वर गेलेल्यासाठी तर मन मानेल तेव्हा गती उतरविणे शक्यच नसते. दोर सैल पडला, की छत्री खाली येऊ लागते. एंजिनास हवे असते बदलते, बेताचे काम. मागील माणसास हवी असते जोराची आणि स्थिर ओढ. पहिल्या १० तासांत ही दोन्ही साधत नाहीत. आणि अशा वेळी एंजिन जाम झाले, तर छत्रीखालचा माणूस अंगात जीवरक्षक जाकीट घालून लाटांत उतरतो आणि त्यास उचलण्यास जाणारी नौका मात्र जागीच तरंगत राहते.

रुळविण्याच्या फेऱ्यांत तांडेलाचे लक्ष आणखी एका गोष्टीकडे असते. एंजिन थंड ठेवण्यासाठी खालून समुद्राचे पाणी ओढले जाते. रबरी पात्यांचे एक लहान चक्र ते वर चढविते, आणि त्यातील थोडे पाणी एंजिनाच्या खालच्या अंगाने बारीक धारेच्या रूपाने बाहेर पडते. ती धार अखंड आहे तोवर काळजी नाही. ती क्षीण झाली, तर वाळू किंवा प्लॅस्टिकची पिशवी पाण्याच्या वाटेत अडकली असे समजून एंजिन तत्काळ बंद करावयाचे. दिवस संपला, की गोड्या पाण्याने एंजिनाची आतली वाट धुतात. नाहीतर मीठ साचून तीच वाट पुढे बुजते.

दहा तास पुरे झाले, की मागे दोर बांधता येतो. पण पहिल्या खेपेस हलक्या अंगाचा एकच माणूस घ्यावा, चौघापाचांचा तराफा नव्हे. बहुतेक पुस्तिकांनुसार २० तासांच्या सुमारास पहिली तपासणी होते. त्या वेळी पंख्याकडील दातेरी चाकांचे तेल काढून भांड्यात ओततात. त्यात धातूची बारीक चमचम दिसली तर घाबरण्याचे कारण नसते. नवे दाते एकमेकांशी जुळताना झडलेली ती भुकटी असते. तुकडे दिसले किंवा तेल दुधासारखे पांढुरके झालेले असले, तर मात्र दात्यांना इजा झाली आहे किंवा आत पाणी शिरले आहे. नौका वर ओढावी लागते, आणि ती दुरुस्त होईपर्यंत दोर गुंडाळूनच ठेवावा लागतो.