पट्टा बांधला, की पोहोचलो!

बालमित्रांनो, विमानप्रवास म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? ढगांवरून जाणं आणि खिडकीतून दिसणारी काडेपेटीएवढी घरं, होय ना? पण एक विमान असं आहे, की ते उडालं म्हणेपर्यंत उतरतंसुद्धा!

नकाशात ब्रिटनचं वरचं टोक शोधा. स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात ऑर्कनी नावाची बेटं आहेत. त्यातल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या शेजारच्या बेटांवर एकेक चिमुकला विमानतळ आहे. दोन्हींमधलं अंतर फक्त 2.7 किलोमीटर! मुंबई विमानतळाची मोठी धावपट्टीच सुमारे 3.4 किलोमीटर लांब आहे. म्हणजे हा अख्खा प्रवास त्या एका धावपट्टीत मावेल.

लोगनएअर कंपनीने 1967 साली ही सेवा सुरू केली. वेळापत्रकात या उड्डाणाला दोन मिनिटं दिलेली असतात. वारा पाठीशी असेल तर त्याहूनही कमी वेळ लागतो. विक्रम आहे 53 सेकंदांचा! विमान आठ-नऊ जणांचं, वैमानिक एकच. म्हणून एखाद्या प्रवाशाला चक्क त्याच्या शेजारी बसायला मिळतं.

आता वही-पेन्सिल घ्या बरं. अंतराला वेळेने भागलं की सरासरी वेग मिळतो. दोन मिनिटांत 2.7 किलोमीटर, म्हणजे तासाला 81 किलोमीटर. अरेच्चा! एवढ्या वेगाने तर मोटारही धावते. मग विमान इतकं हळू कसं? कारण वेग घेऊन वर चढतंय तोच उतरायची तयारी करावी लागते. लांबच्या प्रवासात विमान बराच वेळ पूर्ण वेगाने जातं. म्हणून अंतर दुप्पट झालं, तरी वेळ दुप्पट होतोच असं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा अंतरासाठी विमान कशाला? 2011 च्या जनगणनेत पापा वेस्ट्रेवर अवघी 90 माणसं होती. मोठं रुग्णालय कर्कवॉल या गावी, समुद्रापलीकडे. होडी आहे, पण समुद्र खवळला की तिचा भरवसा नाही. हेच विमान कर्कवॉललाही जातं. डॉक्टर, शिक्षक, आजारी माणसं अशा सगळ्यांनाच त्याचा आधार. ओढ्याला पूर आला की पलीकडची शाळा किती लांब होते, हे आपल्या खेड्यातल्या मुलांना वेगळं सांगायला नको!

चला तर, आता तुमचा गृहपाठ. घरापासून शाळेपर्यंतचं अंतर आई-बाबांच्या मदतीने काढा. घड्याळ लावून वेळ मोजा, एकदा कोरड्या दिवशी आणि एकदा भर पावसात. दोन्ही वेग वहीत शेजारी-शेजारी लिहा. अंतर तेच असूनही वेळ का बदलला, याची कारणंही खाली लिहा हं!