विश्लेषण : शेती थांबवलेल्या जमिनीवर वन्यजीव परतले, हे मोजतात कसे?

इंग्लंडमधील नेप इस्टेटने नफा न देणारी शेती थांबवून जमीन निसर्गाच्या हवाली केली. तिथे पक्षी आणि फुलपाखरे वाढली, असे सांगितले जाते. पण ‘वाढली’ हे ठरते कशावरून?

नेपमध्ये काय घडले?

वेस्ट ससेक्समधील ही जमीन सुमारे १,४०० हेक्टर. जड चिकणमातीमुळे धान्यशेती आणि दुग्धव्यवसाय परवडेना. त्यामुळे २००० नंतर टप्प्याटप्प्याने नांगरणी बंद झाली. गायी, घोडे, हरणे आणि डुकरे मोकळी सोडण्यात आली. पडीक शेतांत विलो कुळातील ‘सॅलो’ ही झुडपे माजली. ‘पर्पल एम्परर’ या दुर्मीळ फुलपाखराच्या अळ्या त्यांचीच पाने खातात. आज ब्रिटनमधील या फुलपाखराच्या सर्वांत मोठ्या वसाहतींत नेपची गणना होते. पुनर्वसन प्रकल्पातून आणलेल्या पांढऱ्या करकोच्यांची पिल्लेही २०२० मध्ये इथे जन्मली.

मोजणी कोण करते?

तज्ज्ञांच्या जोडीला स्वयंसेवक असतात. ब्रिटनची राष्ट्रीय फुलपाखरू गणना १९७६ पासून प्रामुख्याने त्यांच्याच बळावर चालते. पक्ष्यांच्या विणीच्या हंगामातील गणनाही १९९४ पासून अशीच होते.

पद्धत काय?

फुलपाखरांसाठी मार्ग ठरलेला असतो. एप्रिल ते सप्टेंबर असे २६ आठवडे, दर आठवड्याला त्याच मार्गाने एकसारख्या वेगाने चालायचे. दोन्ही बाजूंना अडीच मीटर आणि समोर पाच मीटर, एवढ्या टापूत दिसेल तेच मोजायचे. ऊन, वारा, तापमान यांचेही निकष आहेत. पावसात मोजणी नाही.

एवढी शिस्त कशासाठी?

एका वर्षी दोन तास आणि पुढच्या वर्षी सहा तास फिरले, तर आकडा आपोआप फुगतो. वाढले ते फुलपाखरू की फिरणे, हे मग कळत नाही. म्हणूनच ‘आज काहीच दिसले नाही’ ही नोंदही मोलाची. ती गाळली, तर घट कधी दिसणारच नाही.

मर्यादा कोणत्या?

पर्पल एम्परर ओकच्या शेंड्यावर घिरट्या घालते. पाच मीटरच्या टापूत ते क्वचितच सापडते. त्यासाठी दुर्बीण घेऊन वेगळी गणना करावी लागते. शिवाय पक्ष्यांचे आवाज ओळखण्यात नवखा आणि जाणकार यांत फरक पडतो. त्यामुळे प्रशिक्षण आणि नोंदींची छाननी अटळ ठरते.

भारताशी संबंध काय?

‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स २०२३’ हा अहवाल सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांनी ‘ई-बर्ड’वर केलेल्या नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ प्रजातींचा आढावा आहे. तिथेही दुर्मीळ पक्ष्याच्या एका छायाचित्रापेक्षा, कावळा-चिमणीसह ओळखलेल्या सर्व पक्ष्यांची पूर्ण यादी जास्त उपयोगी पडते. आपल्याकडे एखाद्या पडीक रानात असा प्रयोग करायचा, तर पहिली मोजणी काम सुरू होण्याआधीच हवी. सुरुवातीचा आकडा नसेल, तर ‘जीवसृष्टी परतली’ हा दावा तपासणार कशाशी?