रात्रींच्या वाटेवर पुढील गाडीपासून किती अंतर राखावें?

शेतकऱ्याचा आणि रात्रींच्या प्रवासाचा संबंध जुना आहे. पहांटेच्या बाजारास माल लागावा म्हणून रात्रींच निघावें लागतें. ही गोष्ट बैलगाडीच्या काळीं खरी होती आणि आज टेंपोच्या काळींही तितकीच खरी आहे. आंब्याच्या हंगामांत रत्नागिरी-देवगडाकडील पेट्या कशेडीमार्गें पोलादपूर व महाड ओलांडून रात्रभर वाशीच्या बाजारपेठेकडे धांवत असतात. गणपतीस व शिमग्यास मुंबईहून घरीं येणाऱ्या मंडळींच्या गाड्याही याच वाटेनें येतात. अशा वेळीं पुढील गाडीच्या तांबड्या दिव्यावर नजर ठेवून तिच्यामागोमाग जाणें पुष्कळांस सोयीचें वाटतें. वाट शोधण्याचा त्रास पुढच्यानें घ्यावा व आपण निर्धास्तपणें मागून जावें, असा हा हिशेब असतो. तो किती चुकीचा आहे, हें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

भाताची लावणी करतांना दोन चुडांत किती अंतर असावें याविषयीं आपण दक्ष असतों. दाट लावणीनें रोपें एकमेकांस मारतात, हें आपणांस अनुभवानें ठाऊक असतें. परंतु त्याच शेताचा मालक मोटार हांकूं लागला म्हणजे पुढच्या गाडीस अगदीं चिकटून चालतो. शेतांतील चूक पुढील हंगामीं सुधारतां येते. रस्त्यावरील चूक सुधारण्यास सवड मिळेलच असें नाहीं.

आतां प्रत्यक्ष आंकडे पाहूं. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें १७ मीटर, म्हणजे ५५ फूट, पुढें जाते. संकट डोळ्यांस दिसणें, तें मनास उमगणें व पाय ब्रेकवर पडणें यांत रात्रीं दीड सेकंद सहज जातो. तेवढ्यांत गाडी २५ मीटर पुढें गेलेली असते, आणि ब्रेकचें काम तेथून पुढें सुरू होतें. रस्ता कोरडा व ब्रेक चांगले असल्यास गाडी थांबण्यास आणखी सुमारें २८ मीटर लागतात. म्हणजे एकूण ५३ मीटर झाले. हाच रस्ता पावसानें ओला असेल तर ब्रेक लागल्यानंतरचें अंतर जवळजवळ दुप्पट होतें व एकूण बेरीज ८० मीटरांवर जाते. वेग ताशीं ४० ठेवल्यास कोरड्या रस्त्यावर ३० मीटरांत काम भागतें. वेग दुप्पट केला असतां ब्रेकनंतरचें अंतर दुप्पट होत नाहीं, चौपट होतें, ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी.

समोरच्या वाहनास त्रास नको म्हणून दिव्याचा झोत खालीं केला असतां साधारणपणें ४० ते ५० मीटरांपलीकडचें नीट दिसत नाहीं. समोरून येणाऱ्या प्रखर झोतानें डोळे दिपले म्हणजे पुढील कांहीं सेकंद तेवढेंही दिसत नाहीं. यावरून रात्रीं कोरड्या रस्त्यावरदेखील ताशीं ६० च्या वर जाणें म्हणजे न दिसणाऱ्या जागीं गाडी लोटणें होय.

कोणी म्हणेल, पुढील गाडीही ब्रेक लावूनच थांबणार, मग तिच्यापासून इतकें अंतर कशास हवें? दिवसा हें कांहीं अंशीं खरें आहे. परंतु रात्रीं पुढील गाडी ब्रेकनेंच थांबेल याचा भरंवसा नसतो. वळणावर दिव्यावांचून उभा राहिलेला ट्रक, रस्त्यांत बसलेलीं जनावरें, दरडीवरून घरंगळलेला धोंडा, यांवर ती एकाएकीं आदळून जागच्या जागीं थांबूं शकते. त्या क्षणीं मागच्याजवळ स्वतःचें अंतर असेल तेवढेंच त्याच्या कामास येतें.

चालत्या गाडींत मीटर मोजतां येत नाहींत. म्हणून सोपी रीत अशी आहे. पुढील गाडी एखाद्या झाडाजवळून, खांबाजवळून किंवा किलोमीटरच्या दगडाजवळून गेली कीं सावकाश मोजावें: एकशें एक, एकशें दोन, एकशें तीन. हें मोजणें संपण्यापूर्वीं आपली गाडी त्या खुणेपाशीं पोहोंचली, तर आपण फार जवळ आहों असें समजावें व वेग कमी करावा. प्रत्येक अंकास सुमारें एक सेकंद लागतो. ताशीं ६० च्या वेगास तीन सेकंदांत ५० मीटर होतात, म्हणजे वरील हिशेबाशीं हें माप बहुतेक जुळतें. पाऊस, धुकें किंवा गाडींत भरपूर ओझें असेल तर तीनाऐवजीं पांच अंक मोजावे. वेग वाढला कीं अंतर आपोआप वाढतें, हा या रीतीचा मोठा गुण आहे.

आमच्या महाड-पोलादपूर भागांत घाटांचें प्रकरण निराळें आहे. पोलादपुराहून महाबळेश्वरास चढणारा आंबेनळी आणि महाडाहून भोरकडे जाणारा वरंध, या दोन्ही वाटा अरुंद व वळणांच्या असून पावसाळ्यांत धुक्यानें भरलेल्या असतात. २८ जुलै २०१८ रोजीं दापोलीच्या कोंकण कृषी विद्यापीठांतील मंडळींची बस आंबेनळी घाटांत दरींत कोसळली व तिच्यांतील एकच गृहस्थ वांचले, हें दुःख शेतकरी वर्ग विसरलेला नाहीं. तो अपघात दिवसाचा होता व अंतराच्या प्रश्नाचें उदाहरण म्हणून तो येथें सांगत नाहीं. परंतु या घाटांत चुकीस जागा किती थोडी आहे, हें त्यावरून कळतें. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्यें ठेवावी. सतत ब्रेक दाबून उतरल्यास ते तापतात व ऐन वेळीं दगा देतात. पुढच्यास चिकटून उतरणाऱ्यास तर पावलोपावलीं ब्रेक दाबावाच लागतो.

आतां सावित्रीची गोष्ट. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं नदीस मोठा पूर असतां महाडजवळील इंग्रजी अमदानींतला जुना दगडी कमानींचा पूल वाहून गेला. राजापूर-बोरिवली व जयगड-मुंबई या दोन एस. टी. बसगाड्या आणि इतर वाहन प्रवाशांसह पुरांत गेलें. त्या चालकांस दोष देण्याचा अधिकार कोणासही नाहीं, आणि अंतर राखल्यानें ते सर्व वांचले असते असें म्हणणेंही अन्यायाचें होईल. तुटलेला पूल काळोखांत व पावसांत दिसणें फार कठीण. परंतु पुढील तांबडा दिवा आपणांस काय सांगतो, हें त्या रात्रीवरून समजून घ्यावें. तो इतकेंच सांगतो कीं, क्षणापूर्वीं तेथवर रस्ता होता. त्यापुढें रस्ता आहे कीं नाहीं, हें आपल्याच दिव्यानें व आपल्याच डोळ्यांनीं पहावें लागतें. आणि दिवा एकाएकीं नाहींसा झाला तर थांबण्यास पुरेल इतकी भुई आपल्यापुढें शिल्लक असावी लागते. त्या रात्रीं पुलाजवळच्या गॅरेजांतील माणसानें धोका ओळखून पुढील वाहनें थोपविलीं, असें वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालें होतें. थांबविलेलें वाहन थांबूं शकलें, म्हणूनच तें वांचलें. पुढें २०१७ च्या जून महिन्यांत तेथें नवा पूल वाहतुकीस खुला झाला.

आपल्या मागून येणाऱ्यांविषयींही आपलें कर्तव्य आहे. पेंढ्यानें भरलेली ट्रॉली काळोखांत रस्त्याशीं एकरूप होऊन जाते. मागच्यानें कितीही अंतर राखावयाचें मनांत आणलें तरी त्यास ती दिसली पाहिजे. ट्रॉलीच्या मागील बाजूस तांबडे दिवे व प्रकाश परतविणाऱ्या तांबड्या पट्ट्या असाव्या, पेंढा त्यांवर लोंबूं देऊं नये, आणि चिखल बसल्यास निघण्यापूर्वीं पुसावा. बैलगाडीच्या मागें कंदील टांगण्याची वडिलांची चाल याच शहाणपणाची होती. कोणी आपल्या अगदीं मागें लागला असेल तर वेग वाढवूं नये; डाव्या अंगास होऊन त्यास पुढें जाऊं द्यावें.

शेवटीं एक आक्षेप नेहमीं ऐकूं येतो: जागा सोडली कीं दुसरा कोणी मध्यें घुसतो. घुसूं द्यावा, व पुन्हा तीन अंकांनीं मागें रहावें. अशानें दर खेपेस सुमारें तीन सेकंद जातात. पनवेल गांठेपर्यंत वीस गाड्या मध्यें घुसल्या तरी आपला एकच मिनिट खर्ची पडेल. पहांटेच्या बाजारास एका मिनिटाचा उशीर झाल्यानें कोणाचा माल पडून राहिल्याचें ऐकिवांत नाहीं. मात्र तो मिनिट वांचविण्याच्या नादांत घरीं न परतलेल्यांचीं शेतें दुसऱ्यास करावीं लागतात. म्हणून शेतकरी बंधूंनीं ही मोजणी आजपासूनच सुरू करावी, आणि गाडी हांकणाऱ्या आपल्या मुलांसही ती शिकवावी.