मोहाचा गोडवा : भट्टीत नव्हे, पातेल्यात

चंद्रपूर, गडचिरोली : मार्चचा दुसरा पंधरवडा सुरू झाला, की या दोन जिल्ह्यांतील जंगलालगतच्या गावांत पहाट लवकर होते. झुंजुमुंजू होण्यापूर्वीच बायामाणसे आणि मुले टोपल्या घेऊन मोहाच्या झाडाखाली पोहोचतात. रात्री उमललेल्या फुलांच्या फिक्या पिवळ्या, मांसल पाकळ्या पहाटेपासून टपटप गळू लागतात. ऊन चढेपर्यंत वेचणी चालते आणि दुपारी घराघरांपुढे फुलांचा सडा वाळत पडलेला दिसतो. तीन-चार दिवसांच्या उन्हात ही फुले आक्रसून तांबूस-तपकिरी होतात. दिसायला मनुक्यासारखी आणि चवीलाही जवळपास तशीच.

शहरी माणसाला मात्र मोहफूल म्हटले, की दारूची भट्टीच आठवते. हेच फूल शिजवून तासाभरात एक गरम, गोड आणि साधा पदार्थ तयार होतो, त्यात साखरेचा कणही घालावा लागत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते. जंगलातल्या घरांत ही गोष्ट नवी नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी घरातील धान्य संपत आले, की शिजवलेल्या किंवा भाजून कुटलेल्या मोहफुलांनीच अनेक कुटुंबांना आधार दिला आहे. माडिया समाजात नव्या हंगामातील फळफूल वापरात आणण्यापूर्वी ‘पंडुम’ हा सण करण्याची रीत आहे. फुलाकडे अन्न म्हणून पाहणारी ही दृष्टी भट्टीपुरती नक्कीच मर्यादित नाही.

फूल, पण फळासारखे

मोहाचे फूल हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने फूलच. पण स्वयंपाकात त्याचे वागणे फळाचे असते. त्याच्या पाकळ्या एकमेकींना जुळून एक रसाळ, पोकळ वाटी तयार होते आणि सारी गोडी त्या वाटीत साठलेली असते. ताज्या फुलात पाणी भरपूर असते. ते सुकले की उरलेल्या वजनात निम्मा किंवा त्याहून अधिक वाटा साखरेचा असतो. ही साखर मुख्यत्वे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साध्या रूपांत असते. मोहाचे खरे फळ नंतर, उन्हाळ्याच्या अखेरीस येते. त्याला टोळ किंवा टोळंबी म्हणतात आणि त्याच्या बियांपासून तेल काढतात.

फळ शिजवताना जे घडते, तेच या फुलाच्या बाबतीतही घडते. उष्णतेने पेशींच्या भिंती सैल होतात, आत कोंडलेली साखर पाण्यात उतरते आणि रस दाट होत जातो. चोथा मऊ होतो, पण नाहीसा होत नाही. त्यामुळे गाळून घेतलेल्या सरबतापेक्षा शिजवलेले फळ पोटाला अधिक काळ पुरते. काही जीवनसत्त्वे, विशेषतः ‘क’ जीवनसत्त्व, उष्णतेने कमी होतात हे खरे. पण गोडी आणि तंतू दोन्ही टिकून राहतात.

गोड पदार्थ आणि दारू यांतील अंतर

एकाच फुलापासून खीरही होते आणि दारूही, असे का, याचे उत्तर वेळेत आहे. फुलावर नैसर्गिकरीत्या यीस्ट असते. फुले पाण्यात काही दिवस भिजत ठेवली, की हे यीस्ट साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते. तो आंबवलेला द्रव उकळून त्याची वाफ थंड केली, की दारू हाती येते. फुले तास-अर्धा तास भिजवून लगेच शिजवली, तर यीस्टला काम करायला अवधीच मिळत नाही आणि उकळीमुळे ते मरते. म्हणून या पदार्थाचा पहिला नियम एकच : फुले रात्रभर भिजत घालू नयेत. डाळ-कडधान्याची सवय येथे उपयोगाची नाही.

चौघांसाठी साहित्य

सुकी मोहफुले १०० ग्रॅम, पाणी ३ वाट्या, जाडसर दळलेला तांदूळ २ चमचे, चारोळी १ चमचा, तूप १ चमचा, वेलदोड्याची पूड चिमूटभर, मीठ चिमूटभर. हवे असल्यास १ वाटी तापवून कोमट केलेले दूध.

तांदूळ कोणताही चालतो. याच भागातला हवा असेल तर ‘एचएमटी’ घ्यावा. नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवड करीत करीत तयार केलेले हे वाण चंद्रपूर जिल्ह्याने देशाला दिले आहे. चारोळीही याच जंगलातील.

कृती

फुले ताटात पसरून निवडून घ्यावीत. माती, खडे, काड्या, तसेच बुरशी आलेली किंवा आंबूस वास येणारी फुले काढून टाकावीत. फुलांच्या आत वाळलेले केसर असतात. फुले हातांनी हलके चोळून पाखडली, की ते बरेचसे निघून जातात. केसर राहिले तर खीर घशाला खरखरते आणि किंचित कडवट लागते. यानंतर फुले तीन पाण्यांनी धुवावीत आणि गरम पाण्यात अर्धा तास भिजवावीत.

जाड बुडाच्या पातेल्यात तूप तापवून तांदळाचा रवा मंद आचेवर खमंग परतावा. त्यात भिजलेली फुले, भिजवण्याचे पाणी आणि उरलेले पाणी घालावे. पाण्यात गोडी उतरलेली असते, म्हणून ते फेकू नये. तळाशी माती बसली असेल तर मात्र वरचे निथळून घ्यावे. झाकण ठेवून मंद आचेवर वीस मिनिटे शिजवावे आणि अधूनमधून ढवळावे. फुले बोटांनी सहज दबली आणि रस चमच्याला धरू लागला, की मीठ, वेलदोडा आणि चारोळी घालून आच बंद करावी.

दूध घालायचे असेल, तर ते शेवटी घालावे. खीर आचेवरून उतरवून पाच-दहा मिनिटे निवू द्यावी आणि मग कोमट दूध मिसळावे. गुळाच्या खिरीत उकळते दूध फाटते, तसाच धोका येथेही असतो. हा पदार्थ गरम किंवा कोमट असतानाच खावा आणि त्याच दिवशी संपवावा. प्रथमच खाणाऱ्याने अर्ध्या वाटीपासून सुरुवात करावी. मोहाचा उग्र गंध सर्वांनाच पहिल्या घासाला आवडतो असे नाही.

मोहफुले मिळाली नाहीत तर हीच पद्धत इतर फळांना लागू पडते. विदर्भात ज्याला जाम म्हणतात तो पेरू, पिकलेली पपई, केळी किंवा सुके अंजीर थोड्या पाण्यात मंद आचेवर शिजवून तूप-वेलदोडा घातला, की साखरेविना गरम गोड तयार होते. पेरूच्या बिया शिजल्यावर चाळणीने वेगळ्या कराव्यात. पपई मात्र पूर्ण शिजवल्याखेरीज दुधात घालू नये. तिच्यातील पाचक द्रव्यामुळे दूध कडवट होते.

पौष्टिक, पण किती?

‘साखर नाही’ म्हणजे ‘गोड नाही’ असा अर्थ काढणे धोक्याचे ठरेल. शंभर ग्रॅम सुक्या फुलांत पन्नास ग्रॅम किंवा अधिक साखर असते. चार वाट्यांत ती वाटली गेली, तरी प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे तीन चमचे साखर येते. मधुमेही व्यक्तीने ही खीर ‘नैसर्गिक’ आहे म्हणून मोकळेपणाने खाऊ नये. तिच्या जमेच्या बाजू वेगळ्या आहेत. साखरेसोबत तंतू आणि थोडी खनिजे येतात, तूप मोजके लागते आणि पदार्थ जड, तळलेला नसतो. मिठाईच्या जागी ती बसते. औषधाच्या जागी नव्हे.

कायद्याच्या नजरेतून

हे अन्न शहराच्या स्वयंपाकघरापर्यंत का पोहोचले नाही, याचे उत्तर पाककृतीत नाही, कायद्यात आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मोहफुलाला मद्याचा कच्चा माल मानून त्याची साठवण आणि वाहतूक नियंत्रणाखाली आणली. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती १ एप्रिल २०१५ पासून लागू झाली आणि २०२१ मध्ये उठवण्यात आली. दारूने उद्ध्वस्त होणाऱ्या संसारांचा प्रश्न खरा होता आणि गडचिरोलीतील बंदीमागे स्थानिक जनतेचा, विशेषतः स्त्रियांचा, लढाही होता. मात्र फुलावरील नियंत्रणाचा भार भट्टीवाल्याइतकाच वेचणाऱ्या कुटुंबावरही पडला. घरात फुले साठवणे अडचणीचे झाल्याने हंगामातच, भाव पडलेला असताना, ती व्यापाऱ्याला विकणे भाग पडे. पावसाळ्यात भाव चढे, तेव्हा वेचणाऱ्याच्या घरी विकायला काही उरलेले नसे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील स्थानिकांची मालकी मान्य केली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि गडचिरोलीतील ग्रामसभांसाठी तो आदर्श ठरला. पुढे २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुलांवरील निर्बंध उठवले. त्याच वर्षी शेजारच्या छत्तीसगडमधून सुकवलेली मोहफुले फ्रान्सला निर्यात झाली. फुलाला खाद्यपदार्थ म्हणून परदेशात ग्राहक मिळतो, पण नागपूर-पुण्याच्या बाजारात ते अजूनही अपवादानेच दिसते.

टोपलीमागची जोखीम

खाण्याचे फूल आणि भट्टीचे फूल यांत खरा फरक पडतो तो वेचणीत. भट्टीला माती लागलेली फुले चालतात, स्वयंपाकघराला चालत नाहीत. वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची पद्धत जुनी आहे. त्या आगीतून अनेकदा वणवा पेटतो आणि राखेत पडलेले फूल काळवंडते. त्याऐवजी झाडाखाली जाळी बांधली, तर फूल जमिनीला लागत नाही आणि आगही लावावी लागत नाही. स्वच्छ फुलांना अधिक भाव मिळाला, तरच जाळीचा खर्च परवडतो.

दुसरी जोखीम जिवाची आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबाच्या बाहेरील जंगलांतही वाघांचा वावर आहे. पहाटेच्या अंधुक प्रकाशात ओणव्याने फुले वेचणारा माणूस वाघाला भक्ष्यासारखा भासू शकतो. मोहाच्या हंगामात अशा हल्ल्यांत माणसे दगावल्याच्या घटना या भागाने पुनःपुन्हा पाहिल्या आहेत. एकट्याने जाऊ नये, उजाडल्यावर गटाने जावे, अशी सूचना वनविभाग करीत असतो. पण उशीर केला की फुले जनावरे खातात, हेही वेचणाऱ्याला ठाऊक असते.

म्हणून मोहफुले विकत घेताना दोन प्रश्न विचारणे योग्य ठरेल : फुले जाळीवर गोळा केली की राखेतून, आणि ती थेट ग्रामसभेकडून वा बचत गटाकडून आली की मधल्या हातांतून? उत्तर समाधानकारक असेल, तर चार पैसे जास्त मोजायला हरकत नसावी. ते पैसे जाळीचा खर्च काढतील. मग पुढच्या हंगामात कुणाला मोहाखाली आग लावण्याची गरज उरणार नाही.